छातीतल्या पाण्यावरून कळतं का?

प्रश्न: काकांना अँजिओसारकोमा आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कॅन्सर. आता छातीत पाणी झालंय, सुईने काढून तपासायला दिलंय. नुसत्या पाण्यावरून पसरलाय का ते कळतं?

उत्तर: कळू शकतं, पण स्लाइडवर फसायला होतं, कारण या पेशी कधीकधी फुफ्फुसाच्या नेहमीच्या कॅन्सरसारख्याच दिसतात आणि केराटिनचा डागही (तशा कॅन्सरच्या पेशी ओळखायला लावतात तो रंग) घेतात. पेशीत पोकळी अन् आत अडकलेली लाल रक्तपेशी दिसली की अँजिओसारकोमाची शंका येते. मग पाण्यातल्या पेशींचा गोळा करून, म्हणजे सेल ब्लॉक बनवून, त्यावर सीडी३१ आणि ईआरजी हे रक्तवाहिन्यांच्या पेशी ओळखणारे डाग लावतात. आधीच्या बायोप्सीचा रिपोर्ट लॅबला नक्की द्या, लोक हेच विसरतात! आणि हो, रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी पसरलेला नाही असं धरू नका, पाण्यात पेशी उतरतातच असं नाही.