कार्ड बदलू नका, आधी स्लॉटची दहावी पिन मोजा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नारायण पेठेतल्या छापखान्याचा ३८६ डीएक्स-४० (४० मेगाहर्ट्झचा जुना पीसी) बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. तो खाली काढलात, पुसलात, डॉस ६.२२ चालू झालं. मग त्यात राझबेरी पाय पिको या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारं पिकोगस साउंड कार्ड घातलंत. ते कधी सापडतं, कधी नाही. सापडलंच तर फ्लॉपी वाचायला लागली की मशीन हँग होतं. हेच कार्ड मित्राच्या ४८६ मध्ये निमूट चालतं. शिवाय त्याच स्लॉटमध्ये जुनं सिरियल-पॅरलल कार्ड घालून पाहिलंत तर माउस छान हलला. म्हणून स्लॉट चांगला, नवीन कार्डच नाजूक, असा तुमचा निष्कर्ष.

माझ्या मते नेमकं उलटं आहे. त्या सगळ्या कॅबिनेटमध्ये सर्वांत धडधाकट वस्तू ते कार्डच असावं. माझ्याआधी इथे दोन माणसांनी फर्मवेअर (कार्डातला प्रोग्रॅम) बदलून बघा, दुसरा पिको लावून बघा असं सुचवलंय. त्यात वेळ घालवू नका. ४८६ मध्ये चालतंय म्हणजे फर्मवेअर, पिको आणि सोल्डरिंग तिन्ही पास झालेत.

माउस हलला हा स्लॉट चांगला असल्याचा पुरावा का नाही, ते जरा सविस्तर सांगतो, कारण अशा कार्डांच्या निम्म्या तक्रारी इथेच अडकतात. आठ बिटांच्या आयएसए स्लॉटला, म्हणजे त्या काळच्या पीसीत कार्ड खोचायच्या खाचेला, ६२ पिना असतात. कार्डावर चिप असतात ती बाजू ए, दुसरी बी, आणि मोजणी मागच्या पट्टीच्या बाजूने सुरू. जुनं सिरियल कार्ड यातल्या बऱ्याच पिनांना हातच लावत नाही. त्यातली एक म्हणजे ए-१०, आयओ (इनपुट-आउटपुट) चॅनल रेडी. कार्डाला उत्तर द्यायला वेळ हवा असेल तर त्याने ही रेषा खाली ओढायची. ती खाली आहे तोवर प्रोसेसर थांबतो, सोडली की पुढे जातो. सिरियल कार्डावरची चिप स्वतःच पुरेशी चपळ असते, तिला थांबा म्हणायची वेळ येत नाही. म्हणजे ए-१० कुजून गेली असली तरी त्या कार्डाला आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

पिकोचं तसं नाही. त्यातली आरपी२०४० ही २०२१ सालची चिप. दोन कोअर, २६४ किलोबाइट मेमरी, आणि खरी गंमत म्हणजे पीआयओ नावाची आठ छोटी यंत्रं, जी मुख्य प्रोग्रॅमकडे न बघता पिनांवर लक्ष ठेवतात. पिकोच्या कडेला वापरण्याजोग्या पिना २६. आयएसएच्या नुसत्या पत्त्याच्या रेषा २० आणि डेटाच्या ८. तेव्हा पत्ता आणि डेटा त्याच पिनांवर आळीपाळीने आत घ्यावा लागतो, आणि बस (स्लॉटच्या सगळ्या रेषा मिळून) ५ व्होल्टची, चिप ३.३ व्होल्टची, म्हणून मध्ये बफर चिप. एवढं सगळं होईपर्यंत, आणि मग १९९२ च्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या साउंड कार्डाची नक्कल करणारा कोड उत्तर तयार करेपर्यंत, प्रोसेसरला थांबवून ठेवायचं काम पीआयओ ए-१० वरून करतं. ती पिन तुटकी असेल तर पिको थांबा म्हणतोय आणि ३८६ ला ऐकूच येत नाही. तो रिकामी बस वाचतो, बहुतेक वेळा २५५, आणि सेटअप प्रोग्रॅम म्हणतो कार्ड नाही. कधी पिको वेळेत पोचतो, तेव्हा सापडतं. तुमचं कधी हो, कधी नाही याच जातीचं दिसतंय.

आता फ्लॉपी. हा धागा तुम्ही जाता जाता लिहिलात, पण मला सगळ्यांत जास्त बोलका तोच वाटला. ए-१० च्या लगेच शेजारी ए-११ आहे, एईएन. डीएमए, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीशी होणारी डेटाची ने-आण, चालू असताना ही रेषा वर जाते. तिचा अर्थ, आता बसवर जो पत्ता आहे तो मेमरीचा आहे, आयओ कार्डांनी गप्प बसावं. फ्लॉपीचा डेटा डीएमएनेच मेमरीत जातो, आणि त्या वेळी बसवर आयओ रीडची रेषाही खाली गेलेली असते. ज्या कार्डाला एईएन दिसत नाही त्याला वाटतं, कोणीतरी पोर्ट वाचतंय. कार्ड पत्त्याचे खालचे दहाच बिट बघतं. फ्लॉपीवरून सलग एक किलोबाइट मेमरीत गेलं की खालच्या दहा बिटांत होणारा प्रत्येक आकडा एकदा येऊन जातोच, तुमच्या साउंड कार्डाचा पोर्टचा पत्ता २४० हेक्ससुद्धा. त्या क्षणी साउंड कार्ड मध्येच आपला डेटा बसवर ढकलतं आणि फ्लॉपीचा डेटा बिघडतो. सिरियल कार्डही असंच घोटाळलं असतं. पण तुम्ही फक्त माउस हलवून पाहिलात, तेव्हा फ्लॉपी वाचत नव्हती.

दोन शेजारच्या पिना, दोन वेगळी लक्षणं. आणि तुमच्या फोटोत कीबोर्डच्या सॉकेटशेजारी ती निळी नळकांडी बॅटरी दिसतेय, बुडाशी हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखी. ती बुरशी नाही. ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी फुटली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि तांब्याच्या रेषांखालून सरकत जातं. पुण्यातले पावसाळे माळ्यावर काढलेल्या बोर्डात ते थांबत नाही. बॅटरीला सर्वांत जवळचा स्लॉट कोणता? ज्यात तुम्ही कार्ड घातलंय तोच.

सर्वांत आधी, सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी, बॅटरीपासून सर्वांत लांबचा स्लॉट मोकळा करा आणि कार्ड तिथे घालून बघा. तिथे सध्या तुमचं जिस्ट कार्ड आहे. (ते जपून ठेवा हो. डॉसच्या साध्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटवणारं ते कार्ड आपल्या पुण्याच्या सी-डॅकचं. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असली कार्डं सोन्याच्या पिनांच्या भावाने जातात, बघवत नाही.) चाचणीपुरतं ते बाहेर काढा, मशीनमध्ये व्हीजीए, डिस्क-फ्लॉपीचं कार्ड आणि साउंड कार्ड एवढंच ठेवा. चालू करताना एफ५ दाबा म्हणजे कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक दोन्ही टळतील, कार्डाचे आकडे सांगणारी अल्ट्रासाउंडची सेट ओळ हाताने टाइप करा. लांबच्या स्लॉटमध्ये कार्ड सापडलं आणि फ्लॉपीही वाचली, तर निदान पक्कं.

मग मल्टिमीटर घ्या. वायर भिंतीतून काढून, सगळी कार्डं बाहेर. बीपवर ठेवून पहिल्या स्लॉटच्या ए-१० पासून दुसऱ्याच्या ए-१० पर्यंत, तसंच ए-११. सगळ्या स्लॉटमध्ये बस एकच असते, तेव्हा वाजायलाच हवं. प्रोब वरून स्लॉटमध्ये खुपसू नका, पाती वाकतात. बोर्ड उलटा करून सोल्डरच्या टोकांवर टेकवा. उलट्या बोर्डावर ए आणि बीच्या बाजूही उलटतात हे ध्यानात असू द्या. बी-१ आणि बी-१० जमीन (ग्राउंड) आहेत, त्यांच्यावरून मोजणी जुळवून घ्या. खालून वाजलं तरी वरचं पातं काळं पडलेलं असू शकतं. त्यासाठी कुठलंही जुनं कार्ड, ज्याच्या ए-११ वरून रेष निघालेली दिसते असं, स्लॉटमध्ये बसवा आणि कार्डावरच्या त्या रेषेपासून स्लॉटच्या खालच्या टोकापर्यंत बीप बघा. कार्ड हलकेच हलवा. बीप तुटक आली तर पातं गेलंय.

त्यानंतर ओहमवर ठेवून ए-१० आणि बी-३, म्हणजे ५ व्होल्टची पिन, यांच्यात मोजा. रेडीची रेषा वर ओढून ठेवायला बोर्डावर रेझिस्टर असतो, साधारण एक किलोओहमचा. आजूबाजूच्या चिपमुळे आकडा थोडा कमी दिसेल. शेकडो किलोओहम किंवा काहीच नाही असं आलं, तर स्लॉटपासून रेझिस्टरपर्यंतची वाट तुटली आहे. मग भिंगाखाली रेष शोधा. जिथे हिरवा थर फुगलेला किंवा काळपट दिसेल तिथे ती असणार.

साफसफाईचं थोडक्यात. बॅटरी कापून काढा. कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर लावा, फेस थांबला की पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. तापकीर गल्लीत अल्कोहोल, ३० गेजची बारीक वायर आणि फ्लक्स एकाच फेरीत मिळतं. तुटलेल्या रेषेला बोर्डाच्या खालून, या स्लॉटच्या ए-१० पासून शेजारच्या स्लॉटच्या ए-१० पर्यंत वायरचा पूल टाका. दिसायला गबाळं, चालायला उत्तम. पातीच कुजली असतील तर तो स्लॉट सोडून द्या. ६२ पिनांचा स्लॉट उपसून नवा लावणं हौसेचं काम आहे, पहिल्यांदा तरी त्यात पडू नका.

बॅटरीशी जोडलेली दुसरी गोष्ट, जी लोक हमखास विसरतात. बॅटरी मेलेली म्हणजे बायोसचं सेटअप दर वेळी पुसलं जातं आणि बोर्ड आपल्या मनाचे आकडे घेतो. त्यात एटी बस क्लॉकही (स्लॉटच्या बसचा वेग) आला. ४० मेगाहर्ट्झला ५ ने भागलं तर बस ८ वर चालते, ४ ने भागलं तर १०, ३ ने भागलं तर १३.३३. आठ बिटांच्या एका आयओ फेरीला प्रमाणानुसार सहा क्लॉक लागतात. ८ मेगाहर्ट्झवर ते झाले ७५० नॅनोसेकंद, १३.३३ वर जेमतेम ४५०. मूळ १९८१ च्या आयबीएम पीसीवर तर एका फेरीला एक मायक्रोसेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळायचा. मित्राच्या ४८६ मध्ये बहुधा ३३ ला ४ ने भागून ८.३३ चालू असणार, तिथे कार्डाला श्वास घ्यायला जागा आहे. तेव्हा सेटअपमध्ये जाऊन बस ८ च्या आसपास आणा, आणि ८-बिट आयओचे वेट स्टेट किंवा रिकव्हरी टाइम (कार्डासाठी थांबायचा वेळ) दिसत असेल तर वाढवा. एक खोच आहे. ३८६ ला क्लॉक दुप्पट पुरवावा लागतो, म्हणून काही बायोस ४० ऐवजी ८० ला भागतात. तुमच्याकडे भागाकाराचे पर्याय १० पर्यंत जात असतील तर १० निवडा. सगळ्यात सावध पर्याय ७.१५९ मेगाहर्ट्झचा, दिसला तर डोळे मिटून तोच घ्या.

नवीन बॅटरी म्हणून सीआर२०३२ लावणार असाल तर मध्ये डायोड टाकल्याशिवाय लावू नका. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करत असे, आणि हा सेल चार्ज करायचा नसतो. बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा कनेक्टर असेल तर तोच वापरा, जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) मात्र बोर्डच्या कागदाप्रमाणे.

इंटरप्टचा, म्हणजे कार्ड ज्या रेषेवरून प्रोसेसरला हाक मारतं तिचा, मुद्दाही बघून घ्या. छापखान्याचं मशीन म्हणजे दोन प्रिंटर असणारच. दुसरा पॅरलल पोर्ट साधारणपणे इंटरप्ट ५ धरून बसतो, पहिला ७. कार्डावरचा जम्पर ५ वर आणि सिरियल-पॅरलल कार्डही ५ वर असं झालं तर सूर एकदा वाजून तिथेच अडकतो. दुसरा पोर्ट जम्परने बंद करा. अल्ट्रासाउंडच्या ओळीतले आकडे, २४०,१,१,५,५, जम्परशी जुळलेच पाहिजेत.

शेवटचे दोन धोके, कारण तुमच्या फोटोत कार्डाला मागची पट्टी दिसत नाही. बिनपट्टीचं कार्ड उलटं बसू शकतं, आणि उलटं बसलं की बी-९ वरचे १२ व्होल्ट थेट कार्डाच्या ए-२३ वर, म्हणजे पत्त्याच्या आठव्या बिटावर जातात. बफर चिप गेली, कदाचित मागोमाग पिकोही. पट्टी लावा, नाहीतर निदान कार्डाच्या मागच्या टोकाला मार्करने बाण काढा. दुसरं, फर्मवेअर यूएसबीने भरायचं असेल तर कार्ड मशीनबाहेर काढून भरा. लॅपटॉपची वीज आणि जुन्या एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) वीज एकाच कार्डावर भेटवू नका. नाहीतर सेटअप प्रोग्रॅम डॉसमधूनच नवं फर्मवेअर भरतो, कॅबिनेट उघडायचीही गरज नाही.

लांबच्या स्लॉटमध्ये काय झालं, ए-१० ते ५ व्होल्ट किती ओहम आले, आणि सेटअपमध्ये बस क्लॉकपुढे काय लिहिलंय, या तीन गोष्टी इथे टाका. बोर्डाच्या खालच्या बाजूचा, बॅटरीखालचा फोटोही टाका, पण उजेडात तिरका धरून काढा, म्हणजे फुगलेला थर दिसेल.