वाचकांचे प्रश्न : चंद्रावर दिसलेला तो ठिपका खरंच उल्केचा होता का?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे 8 इंची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण आहे, फोकल लेंथ 1000 मिमी, मोटरवाला माउंट आणि साधा प्लॅनेटरी कॅमेरा. मागच्या महिन्यात शुद्ध पंचमीला चंद्राच्या अंधाऱ्या भागाचा पाऊण तास व्हिडिओ घेतला, त्यात एका फ्रेममध्ये पांढरा ठिपका आलाय. ग्रुपवर टाकला तर कुणी म्हणतं उल्का आपटली, कुणी म्हणतं कॅमेऱ्याचा नॉइज. क्लिप सोबत पाठवतोय. खरं काय समजायचं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : क्लिप मी एकेक फ्रेम करून बऱ्याच वेळा पाहिली. मला स्वतःला तो खरा निघायला हवा होता, पण माझ्या मते ती उल्का नाहीये. तुमचा ठिपका जेमतेम दोन पिक्सेलचा आहे आणि त्याच्या कडा एकदम धारदार आहेत. बाहेरून येणारा कुठलाही प्रकाश आपल्या हवेतून आणि आरशावरून येताना थोडा पसरतोच, त्यामुळे खरा फ्लॅश (दगड आपटल्यावर क्षणभर चमकणारा उजेड) त्याच फ्रेममधल्या एखाद्या ताऱ्यासारखा गोलसर, मऊ दिसतो. असा टोकदार ठिपका बहुतेक वेळा कॉस्मिक रे (अवकाशातून येणारा वेगवान कण) थेट सेन्सरवर आदळल्यामुळे येतो. फ्लॅश जरा मोठा असेल तर दोन-चार फ्रेम टिकतो आणि विझत जातो, तसंही इथे काही नाही. बारीक फ्लॅश मात्र एकाच फ्रेमचा असू शकतो, म्हणून नुसतं फ्रेम मोजून भागत नाही.

आता समजा ठिपका गोलसर असता, तरी एकट्याच्या व्हिडिओवर मी हो म्हटलं नसतं, कारण फिरता फिरता एखादा सॅटेलाइट नेमका चंद्रासमोर चमकून जातो आणि हुबेहूब तसाच दिसतो. उपाय एकच, दुसरा माणूस. तीसचाळीस किलोमीटरवर कुणीतरी त्याच वेळी रेकॉर्डिंग करत असेल आणि त्यालाही त्याच सेकंदाला चंद्रावर त्याच जागी ठिपका मिळाला, तर सॅटेलाइट आणि कॉस्मिक रे दोन्ही बाद. 18 नोव्हेंबर 1999 ला, लिओनिड्स उल्कावर्षावाच्या वेळी, ब्रायन कडनिक नावाचे निरीक्षक टेक्सासमधून दुर्बिणीला डोळा लावून चंद्र बघत होते, त्यांना फ्लॅश दिसला आणि तो पक्का ठरला तो तिकडे मेरीलँडमध्ये दुसरे निरीक्षक डेव्हिड डनहॅम यांचा व्हिडिओ चालू होता म्हणून. ग्रीसमधल्या क्रायोनेरी वेधशाळेच्या 1.2 मीटर दुर्बिणीवर तर असे फ्लॅश शोधायला एकाच दुर्बिणीला दोन कॅमेरे लावलेत, दोन्हीत दिसला तरच पुढचा विचार. तेव्हा वाईवरून असो की कराडवरून, एक जोडीदार शोधाच. दोघांची घड्याळं मात्र जीपीएसवर किंवा इंटरनेटच्या टाइमवर जुळवलेली हवीत, नाहीतर सगळी मेहनत वाया.

तुमच्या सेटिंगबद्दल एक. फोकल लेंथला 110 ने भागलं की सेन्सरवर चंद्र किती मिलिमीटरचा पडेल ते कळतं, तुमचा पडतो 9 मिमी, आणि तुमच्या क्लिपमध्ये निम्मा अंधारा भाग फ्रेमबाहेर गेलाय. 0.5 चा रिड्यूसर (फोकल लेंथ निम्मी करणारं भिंग) लावा म्हणजे जास्त जमीन नजरेत येईल आणि प्रतिमाही उजळ होईल. उजेडाची कोर मात्र फ्रेमबाहेर ठेवा, तिच्या झगमगाटात बारीक फ्लॅश बुडून जातात. सेकंदाला 25-30 फ्रेम पुरतात. दिवस शुद्ध चतुर्थी ते अष्टमी संध्याकाळी, नाहीतर वद्य अष्टमी ते द्वादशी पहाटे. डिसेंबरच्या मध्यात जेमिनिड्स उल्कावर्षावाच्या आसपास असा चंद्र मिळाला तर ती रात्र अजिबात सोडू नका.

आणि प्लीज, काहीच न मिळालेली रेकॉर्डिंग फालतू समजून विसरू नका. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आकाश कसं होतं, एवढं वहीत लिहाच. क्रायोनेरीच्या एवढ्या मोठ्या दुर्बिणीलाही सरासरी दीड-दोन तासांमागे एक फ्लॅश मिळतो, आपल्या 8 इंचीला त्याहून बरेच कमी मिळणार, आणि चंद्रावर तासाला किती दगड पडतात हा हिशोब करताना रिकामे तास धरले नाहीत तर उत्तरच चुकतं.

प्रश्न : काका, चंद्रावर हवाच नाही तर उल्का पेटते कशी?
– इयत्ता आठवी, नाशिक

उत्तर : अगदी बरोबर पकडलंस, ती पेटतच नाही. आपल्याकडे उल्का हवेत तापून चमकते, तिथे अडवायला काहीच नाही म्हणून दगड पूर्ण वेगाने सरळ जमिनीवर आपटतो. सेकंदाला 25 किमी वेगाने आलेल्या 1 किलोच्या दगडात साधारण 75 किलो टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा असते. ती क्षणात उष्णता होते, दगड आणि तिथली माती वितळते, काही भागाची वाफ होते आणि ते सगळं तापलेल्या लोखंडासारखं चमकतं. त्याला ऑक्सिजन लागतच नाही. 17 मार्च 2013 ला चंद्रावरच्या मारे इम्ब्रियम या मैदानात अंदाजे 40 किलोचा दगड असाच पडला, तो फ्लॅश इतका तेजस्वी होता की त्या क्षणी तिकडे बघणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनीही दिसला असता. नंतर चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने तिथे फोटो काढले तर सुमारे 18 मीटर रुंदीचा नवा खड्डा सापडला.