ताऱ्याजवळची तापलेली धूळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नवजात ताऱ्यांभोवती धूळ आणि वायूची तबकडी असते आणि तिच्यातूनच ग्रह घडतात. या तबकडीच्या ताऱ्यालगतच्या भागाविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आज घेतो आहे.

प्रश्न : एचएल टॉरी ताऱ्याभोवतीच्या वलयांचं, चिलीतल्या 'अल्मा' या रेडिओ दुर्बिणींच्या समूहानं टिपलेलं चित्र प्रसिद्ध आहे. तबकडी इतकी स्पष्ट दिसत असेल, तर आतल्या भागाची वेगळी निरीक्षणं कशासाठी?

कारण त्या चित्रात आतला भाग दिसतच नाही. एचएल टॉरी सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे. २०१४च्या त्या चित्रातला सर्वांत बारीक तपशील साधारण साडेतीन खगोलीय एककांचा, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेतीनपट आहे. बुध ते मंगळ या चारही ग्रहांच्या कक्षा तिथे नेऊन ठेवल्या, तर त्या सगळ्या मधल्या एका ठिपक्यात मावतील. खडकाळ ग्रह कसे घडतात हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याचा सगळा प्रश्न त्या ठिपक्यातच दडलेला आहे. शिवाय अल्मा मिलिमीटरच्या आसपासच्या लहरी पकडते. त्यांत मुख्यतः दूरची थंड धूळ दिसते. ताऱ्यालगतची धूळ हजार-दीड हजार केल्व्हिनपर्यंत तापलेली असते आणि अवरक्त प्रकाशात झळकते.

प्रश्न : ताऱ्याच्या इतक्या जवळ धूळ टिकते तरी कशी?

एका मर्यादेच्या आत ती टिकत नाहीच. तापमान सुमारे १५०० केल्व्हिनच्या वर गेलं की सिलिकेटचे कणसुद्धा, कपाटातली डांबरगोळी विरावी तसे, न वितळता थेट वायुरूप होतात. त्यामुळे तबकडीला आतून एक कडा तयार होते. सूर्यासारख्या तरुण ताऱ्याभोवती ही कडा खगोलीय एककाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. अधिक वजनदार, तेजस्वी हर्बिग ताऱ्यांभोवती ती अर्ध्या एककाच्या घरात जाते. हिशोब सोपा आहे : ताऱ्याचं तेज चौपट झालं की कडा दुप्पट लांब सरकते.

हे कळलं कसं, तेही सांगायला हवं. तबकडी ताऱ्याला जवळजवळ भिडलेली असावी, असं पूर्वी मानलं जाई. पण या ताऱ्यांच्या वर्णपटात तीन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास एक उंचवटा दिसे, आणि त्या समजुतीतून त्याचं कारण नीट सापडत नव्हतं. १९९९मध्ये ॲरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवरच्या 'आयोटा' या जोड-दुर्बिणीनं सारथी तारकासमूहातल्या एबी ऑरिगे या ताऱ्याचं मोजमाप केलं. अवरक्त प्रकाश देणारा भाग अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. पुढे २००१मध्ये उलगडा झाला, तो असा : आतल्या पोकळीतला वायू बऱ्यापैकी पारदर्शक असतो, त्यामुळे ताऱ्याचा उजेड थेट धुळीच्या कडेवर पडतो, कडा तापते, फुगते आणि तो उंचवटा तिच्याच उजेडाचा असतो. एका बिनजुळत्या आलेखातून आणि एका मोजमापातून तबकडीचा सगळा आराखडाच बदलला. या विषयातलं हे माझं सर्वांत आवडतं प्रकरण आहे.

प्रश्न : अनेक दुर्बिणी जोडून काढलेलं चित्र हे खरं छायाचित्र असतं का?

नसतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटातली पारानाल वेधशाळा घ्या. तिथल्या ८.२ मीटरच्या एकट्या दुर्बिणीला अवरक्तात एचएल टॉरीइतक्या अंतरावरचे आठेक खगोलीय एककांचे तपशीलच वेगळे दिसतात. म्हणून चार दुर्बिणींचा प्रकाश भूमिगत बोगद्यांतून एकत्र आणला जातो. प्रत्येक किरणानं सारखंच अंतर कापलेलं असावं, यासाठी बोगद्यातले आरसे रुळांवरून सतत पुढेमागे सरकत असतात. प्रकाश एकमेकांत मिसळला की काळे-उजळ पट्टे उमटतात. उगम अगदी बिंदूसारखा असेल तर पट्टे ठळक, पसरलेला असेल तर फिकट. पट्टे किती फिकट झाले, यावरून आकार कळतो. कडा पुरती सुटी दिसली नाही, तरी तिचा व्यास काढता येतो, तो यामुळेच.

चार दुर्बिणींतून एका वेळी सहाच जोड्या मिळतात. बाकीची माहिती गणितानं आणि गृहीतकांनी भरावी लागते. म्हणून अशी चित्रं पाहताना त्यातल्या प्रत्येक डागाला ग्रह समजू नये. २०२४मध्ये पारानालच्याच 'मॅटिस' या उपकरणानं वृश्चिकेतल्या एचडी १४४४३२ या ताऱ्याभोवती, पाच खगोलीय एककांच्या आत, धुळीची तीन वलयं असल्याचं दाखवलं आणि तिथल्या धुळीत लोह असण्याची शक्यता मांडली. हा निष्कर्षही मोजमापांना बसणाऱ्या प्रारूपातून आला आहे. त्यानं त्याचं मोल कमी होत नाही, पण तो छायाचित्र म्हणून वाचू नये.

प्रश्न : पुण्याजवळच्या आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ही कडा दिसेल?

नाही. जोडणीचं तत्त्व एकच असलं, तरी जीएमआरटीच्या लहरी वीस सेंटीमीटर आणि त्याहून लांब आहेत. पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यातूनही तिला विकलेच्या (अंशाच्या ३६००व्या भागाच्या) आसपासचेच तपशील मिळतात. इथे विकलेचा हजारावा भाग लागतो. गरम धूळ त्या लहरींत उजळतही नाही.

पुणे जिल्ह्यातल्याच गिरवलीच्या दोन मीटर दुर्बिणीचं काम मात्र या विषयाशी थेट जुळतं. मृगातला व्ही१६४७ ओरायनिस हा तरुण तारा आतल्या तबकडीतून अचानक जास्त द्रव्य ओढून भडकतो. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी लडाखमधल्या हानले आणि गिरवलीहून त्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्याचा एक भडका जानेवारी २००४मध्ये जे मॅकनील या अमेरिकी हौशी निरीक्षकाला तीन इंची दुर्बिणीतून सापडला होता.

प्रश्न : घरून काही करता येईल?

येईल. एबी ऑरिगे सातव्या प्रतीचा आहे (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). काळोख्या आकाशात साध्या द्विनेत्रीतून दिसतो. धूळ मात्र दिसणार नाही. लहान दुर्बीण असेल तर यूएक्स ओरायनिसकडे वळा. तबकडीतले धुळीचे ढग मधे आले की तो काही दिवसांत दोन-तीन प्रतींनी मंदावतो. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून त्याची प्रत नोंदवायची, वेळेसह, आणि ती नोंद चलताऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात, म्हणजे 'एएव्हीएसओ'कडे पाठवायची. डिसेंबर ते फेब्रुवारी मृग रात्री सोयीच्या वेळी वर असतो. तारा मंद दिसला नाही, त्या रात्रीची नोंदही पाठवावी, कारण मंदावणं नेमकं कधी सुरू झालं हे त्या नोंदींवरूनच ठरतं.