मास्टोडॉनवर माणसं सापडत नाहीत

प्रश्न : मास्टोडॉन या समाजमाध्यमावर खातं उघडलं. मैत्रीण तिथंच आहे म्हणते, पण नाव टाकून शोधलं तर कुणीच दिसत नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. मीही पहिला आठवडा रिकाम्या भिंतीकडे बघत काढला. तिथं एकच मोठी यादी नसते, हजारो सर्व्हर आपापला संसार चालवतात. तुमच्या सर्व्हरवरच्या कुणाचा मैत्रिणीशी आजवर संबंध आला नसेल, तर तुमच्या सर्व्हरला ती माहीतच नसते. म्हणून नुसतं नाव पुरत नाही. तिच्याकडून पूर्ण पत्ता मागवा: अ‍ॅट (@), नाव, पुन्हा अ‍ॅट, सर्व्हर. ईमेलसारखाच, फक्त पुढं एक अ‍ॅट जास्त. लॉगिन करून तो शोधपट्टीत जसाच्या तसा चिकटवा, बहुतेक वेळा ती लगेच पुढ्यात येते. जुन्या पोस्ट मात्र दिसणार नाहीत. त्यावरून ‘ही काही लिहीतच नाही’ असं ठरवू नका (मी ठरवलं होतं!). फॉलो केल्यावर नव्या पोस्ट येऊ लागतात.

अनोळखी पण आपल्यासारखी माणसं हवीत तर हॅशटॅग फॉलो करा, २०२२ पासून ती सोय आहे. पोस्टमधला मजकूर शोधण्याची सोय २०२३ मध्ये आली, पण ज्यांनी परवानगी दिलीय त्यांच्याच पोस्ट त्यात सापडतात. तुम्हीही सेटिंगमध्ये जाऊन ती द्या, आणि ओळखीच्या दोन ओळी लिहा. कोऱ्या प्रोफाइलला मी तरी फॉलो करत नाही.