“घरी कोण असतं?”

“एकदा व्हिसा नाकारला की कायमचा शिक्का बसतो का हो?”

उन्हाळा आला की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. मी व्हिसाची एजंट नव्हे, समुपदेशक आहे. पण सातारा-कऱ्हाडकडच्या घरांतून एकुलतं एक लेकरू अमेरिकेत असणं आता इतकं नेहमीचं झालंय, की तो डीएस-160 नावाचा लांबलचक फॉर्म मला निम्मा पाठ आहे. बहुतेकांचं समाधान दहा मिनिटांत होतं. बाईंचं झालं नाही. म्हणून ही हकिगत, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वय 64. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. एकच मुलगी, न्यू जर्सीत, जूनमध्ये बाळंत होणार होती. एप्रिल 2024 मध्ये बाई मुंबईला अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला गेल्या आणि नकार घेऊन परतल्या. त्यानंतर झोप उडाली, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत त्या व्हिसाबद्दल बोलल्याच नाहीत, डिंकाबद्दल बोलल्या. मुलाखतीच्या आधीच हौसेनं खारीक कुटून, डिंक तळून ठेवला होता. “डबाभर तळलेला डिंक ओट्यावर आहे. बघवत नाही आणि टाकवत नाही.” गल्लीत सगळ्यांना सांगून झालेलं. आता दूध आणायला गेलं तरी कुणीतरी विचारायचं, “बाई, निघायचं कधी?”

मुलाखतीच्या खिडकीवर काय झालं ते कळायला दुसरी भेट लागली. फॉर्म एका एजंटनं भरला होता आणि प्रवासाचं कारण लिहिलं होतं ‘पर्यटन’. “बाळंतपण लिहिलंत तर नक्की नाकारतील,” हा त्याचा सल्ला. मुलाखत इंग्रजीत द्या, छाप पडते, हाही त्याचाच. मग मुलीनं रोज रात्री व्हिडिओ कॉलवर उत्तरं पाठ करून घेतली. नायगारा, न्यूयॉर्क, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. तेहेतीस वर्षं मुलांना ‘पाठांतर नको, समजून सांग’ म्हणणाऱ्या बाई घोकत बसल्या.

काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी जाताय? नायगारा, न्यूयॉर्क. कुणाकडे उतरणार? मुलीकडे. मग त्यानं घोकलेल्या यादीत नसलेला प्रश्न विचारला: इथं तुमच्या घरी कोण असतं?

“नोबडी,” बाई म्हणाल्या, आणि पुढे त्यांना शब्द फुटेना.

सातबारा, मुदतठेवींच्या पावत्या, पेन्शनचे कागद, सीएचा दाखला, सगळं भरलेली फाइल हातातच राहिली. तीनेक मिनिटं. पासपोर्ट काचेखालून परत आला, सोबत एक छापील कागद. (पासपोर्ट ठेवून घेतला तर बहुधा काम झालं, तिथल्या तिथे परत दिला तर नकार. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, म्हणून तो परत हातात घेऊन बाहेर पडणं जड जातं.)

त्या कागदावर कलम 214(ब) होतं. आता शिक्क्याच्या प्रश्नाचं उत्तर देते. अमेरिकेचा कायदा व्हिजिटर व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाबद्दल असं धरून चालतो की हा माणूस तिकडेच राहायला निघालाय. तसं नाही, हे अर्जदारानं पटवायचं. अधिकाऱ्याला पटलं नाही की 214(ब). हा गुन्हा नाही, बंदीही नाही. यावर अपील करता येत नाही, पण पुन्हा अर्ज करायला ठरावीक काळ थांबावंही लागत नाही. फी मात्र परत मिळत नाही. तेव्हा ती 185 डॉलर होती, म्हणजे पंधरा हजारांच्या वर. पुढच्या फॉर्ममध्ये ‘पूर्वी व्हिसा नाकारला होता का’ असा सरळ प्रश्न असतो आणि तिथे ‘हो’च लिहायचं. कायमचं नुकसान होतं ते माहिती लपवल्यानं किंवा खोटी दिल्यानं. त्याचं कलम वेगळं आहे आणि ते फार महागात पडतं.

लपवण्यासारखं मुळात काही नव्हतंच. बी-2 हा व्हिसा फिरण्यासाठी आणि नातेवाइकांना भेटण्यासाठी एकच आहे. लेकीकडे जातेय, नातवंड होणार आहे, हे बिनदिक्कत सांगता येतं. मुलीचा पगार, जावयाचं पत्र यांनी खर्चाचा प्रश्न सुटतो. बाई परत का येतील, याचं उत्तर त्यात नसतं. ते फक्त बाईंकडे होतं.

हे सगळं बाईंनी शांतपणे ऐकलं, वहीत लिहूनही घेतलं. झोप तरीही येईना.

तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, “मी खोटं कुठे बोलले? खरंच कोणी नाही. ते परक्या माणसानं विचारलं आणि मी सगळ्यांदेखत सांगून बसले. वर त्याचा कागदही मिळाला.”

अधिकाऱ्याच्या लेखी तो नेहमीचा प्रश्न. बाईंना मात्र आपल्या एकटेपणाचा दाखला मिळाला होता.

‘असं कसं, तुमचे कितीतरी लोक आहेत’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. यजमान जाऊन दोन वर्षं झालेल्या बाईला ते पोकळ वाटलं असतं. त्याऐवजी विचारलं, “काल दिवसभर काय केलंत?”

सकाळी गच्चीतल्या झाडांना पाणी. अबोली यंदा फुललीय. दहा वाजता खालच्या आळीतली जाऊ येते. घराची दुसरी किल्ली तिच्याकडेच असते. दुपारी चारला मुलं येतात. कुठली मुलं? “पाचवीच्या शिष्यवृत्तीची. सतरा आहेत. पैसे नाही घेत मी.” एक मुलगा गणितात हुशार, पण मराठीच्या उताऱ्यात अडकतो. त्याच्यावर त्या दहा मिनिटं बोलल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी भिशी.

मी सगळं कागदावर उतरवून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पर्समधून लाल पेन काढून माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आणि मग कागद बराच वेळ हातात धरून बसल्या.

खरा राग अधिकाऱ्यावर नव्हता, लेकीवर होता. तीन आठवडे दोघींचं ‘जेवलीस का’पलीकडे बोलणं नव्हतं. एका भेटीत माझ्या खोलीतूनच फोन लावला. लेक रडत म्हणाली, “आई, मी तुला खोटं बोलायला लावलं.” बाई म्हणाल्या, “खोटं नाही गं. अर्धं.” परदेशातल्या लेकरांना माझं एवढंच सांगणं आहे की आईवडिलांची मुलाखत आईवडिलांनाच देऊ द्या. फॉर्म भरायला मदत करा, पण काय लिहिलंय ते त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवा.

पुन्हा अर्ज केला, तारीख मिळाली जानेवारी 2025 ची. जूनमध्ये नात झाली. बाळंतपणाला विहीणबाई गेल्या, त्यांच्याकडे व्हिसा आधीपासूनच होता. बाईंना फार लागलं ते. आमच्या दोन भेटी निव्वळ त्यावर गेल्या.

या वेळी मुलाखतीची भाषा त्यांनी मराठी निवडली. मुंबईत ती सोय आहे. सराव केला नाही. मी फक्त विचारलं, तोच प्रश्न पुन्हा आला तर? त्या म्हणाल्या, बघू.

आला.

“घरी मी एकटीच. मिस्टर वारले. पण चार वाजता सतरा मुलं येतात. फेब्रुवारीत त्यांची परीक्षा. ती झाली की नातीला बघायला जाणार आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत परत. तेव्हा नवीन मुलं येतात ना.” नात किती महिन्यांची, असंही त्यानं विचारलं. सात. दात येताहेत.

पासपोर्ट काचेपलीकडेच राहिला.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला. तिथे किती दिवस राहता येईल ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. हे सांगायला मी फोन केला, तर बाईंचं अर्धंच लक्ष होतं. “ते राहू दे. मेतकूट नेलेलं चालेल का, ते सांगा. आठव्या महिन्यात मऊ भातावर द्यायला हवं, आणि तिच्या आईला ते करता येत नाही.”