‘मान्सून’ अरबी कसा?

प्रश्न : ‘मान्सून’ हा इंग्रजी शब्द अरबी भाषेतून आला, असे वाचनात आले. अरबस्तानात कोकणासारखा पाऊस पडत नाही. मग त्यांनी पावसाला नाव का द्यावे? आणि आपला ‘मोसम’ हा ‘मान्सून’चाच अपभ्रंश आहे का?
– एक वाचक, दाभोळ

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण मूळ अरबी शब्दाचा पावसाशी संबंधच नव्हता. अरबीत ‘वसम’ म्हणजे खूण करणे, उंटावर डाग देणे. त्यावरून ‘मौसिम’ म्हणजे खूण करून ठेवलेला, ठरलेला काळ, मग तो जत्रेचा असो वा हज यात्रेचा. दर्यावर्दींनी हाच शब्द गलबते हाकारण्याच्या मुदतीला लावला. एडनहून किंवा होर्मुझहून चौल-दाभोळकडे येणाऱ्या तांड्यांना नैर्ऋत्य वारा हवा असे, पण ऐन जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे खवळलेल्या समुद्रामुळे बंद राहत आणि परतीसाठी हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्याची वाट पाहावी लागे. तारीख चुकली की वर्ष वाया जाई, म्हणून पंधराव्या शतकातील नाखवा अहमद इब्न माजिद याने आपल्या लेखनात प्रस्थानाच्या तारखांना एवढे महत्त्व दिले आहे.

१४९८ नंतर पोर्तुगीज या समुद्रात आले, त्यांनी अरबी खलाशांकडून हा शब्द उचलला आणि त्याचा ‘मोंसांव’ असा सानुनासिक उच्चार केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोचला. तेथेही आधी अर्थ ठरावीक ऋतूत वाहणारा वारा असाच होता. पाऊस हा अर्थ मागाहून जडला.

‘मोसम’ मात्र ‘मान्सून’पासून निघालेला नाही. तो त्याच ‘मौसिम’पासून फारसीच्या वाटेने मराठीत आला, आणि ‘आंब्याचा मोसम’ म्हणताना आपण मूळ अर्थाच्या इंग्रजांपेक्षा अधिक जवळ असतो, असे माझे मत आहे. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिलीत ‘म्सिमू’ आणि मलायी भाषेत ‘मुसिम’ ही त्याचीच भावंडे असून दोन्हींचा अर्थ ऋतू किंवा हंगाम असाच आहे. पोर्तुगीजांनीही प्रवासाचा अर्थ सोडला नाही : अठराव्या शतकात ब्राझीलमधील साओ पावलोहून नद्यांच्या मार्गाने कुयाबाच्या सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या होड्यांच्या तांड्यांना याच शब्दाने ओळखत.