उत्तर: "कागद नंतर करू" म्हणतात तिथे अ‍ॅप्रेंटिसशिपला लागू का?

कंपनी अ‍ॅप्रेंटिसचे कागद नंतर करू म्हणतेय, तरी लागू का, ही तुझी पोस्ट वाचली आणि 2019 आठवलं. मीही आयटीआय इलेक्ट्रिशियन. पुण्यातल्या एका आयटी पार्कात बिल्डिंग मेंटेनन्सचं काम, आणि सुपरवायझरचं अगदी तेच वाक्य: "उद्यापासून ये, अ‍ॅप्रेंटिसचे कागद नंतर करू." सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव कसं नोंदवायचं ते सोडून देतो, ते तुला जमेलच.

मी गेलो. काम मात्र शिकण्यासारखं होतं, हे मान्य करतो. एलटी पॅनल (इमारतीची वीज वाटणारं), डीजी म्हणजे डिझेल जनरेटर, एएचयू म्हणजे एसीची हवा फिरवणारं युनिट, फायर पंप, सगळ्याला हात लागला. चिलरचं, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्राचं रीडिंग दर दोन तासांनी लॉगबुकात लिहायचं. पाणी साधारण 7 अंशांनी इमारतीत, 12 अंशांनी चिलरकडे परत. आमचा एक सीनियर पहाटेपर्यंतची सगळी रीडिंगं रात्री बारालाच चहा पिता पिता लिहून मोकळा व्हायचा. तेवढं शिकू नकोस.

तिसऱ्या महिन्यात स्लिप मिळाली, त्यात पीएफ कापलेला. मी घरी फोन करून सांगितलं, "आई, पीएफ लागला!" घरात पेढे वाटले. माझी चूक झाली ती इथे. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालच्या अ‍ॅप्रेंटिसचा पीएफ कापतच नाहीत, त्याला विद्यावेतन मिळतं. पीएफ कापलाय याचा अर्थ ठेकेदाराने मला हेल्पर म्हणून दाखवलं होतं. ते मला कळलं वर्ष भरल्यावर, परीक्षेची चौकशी करायला गेलो तेव्हा. खिडकीवरच्या माणसाने पोर्टलवरच्या अ‍ॅप्रेंटिस कराराचा क्रमांक विचारला. माझ्याकडे फक्त गेटपास!

मग हेलपाटे. एका कार्यालयात म्हणाले, "पीएफ आहे म्हणजे तू कामगार, आमचा विषय नाही." दुसऱ्यात म्हणाले, "स्वतःला अ‍ॅप्रेंटिस म्हणतोस ना, मग तिकडेच जा." चार महिने, सुट्टीच्या दिवशी बस धरून. लेखी उत्तर कोणीच दिलं नाही. सुपरवायझर तोवर दुसऱ्या साइटवर. वर्षभर राबून प्रमाणपत्र शून्य. पुढच्या वर्षी दुसरीकडे पहिल्यापासून अ‍ॅप्रेंटिसशिप केली.

म्हणून माझं मत, कडू वाटलं तरी: पोर्टलवर तुझ्या लॉगिनमध्ये करार दिसत नसेल तर पहिल्या दिवशीही जाऊ नकोस. "सिस्टीम स्लो आहे" हे ऐकून घेऊ नकोस. आता एक सोय झाली आहे. नॅप्स (राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना) या योजनेत सरकारचा वाटा, म्हणजे विद्यावेतनाच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 1500 रुपये, 2023 पासून थेट अ‍ॅप्रेंटिसच्या खात्यात येतो. आमच्या वेळी तो कंपनीकडे जायचा, आम्हाला पत्ताच लागायचा नाही. पण ती रक्कम कधी उशिरा येते, आणि सगळ्या कंपन्या त्या योजनेत नसतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नकोस. मी वकील नाही, नियमही बदलत असतात. जवळच्या आयटीआयमधल्या अ‍ॅप्रेंटिसशिपच्या टेबलावर एकदा विचारून घे. आणि वायरमनचा परवाना ही वेगळी भानगड आहे, ती यात मिसळू नकोस.

जाता जाता: फायर पंप रूममध्ये जॉकी पंप (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) दर पाच-दहा मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल तर लाइन कुठेतरी गळतेय. लोक प्रेशर स्विच पिळून त्याला गप्प करतात. तू गळती शोध, सीनियर शिव्या देईल, देऊ दे.

करार झाला की इथे कळव. क्रमांक टाकू नकोस, झाला एवढंच लिही.